नव्या प्लायमागचा चोथा: जुन्या मोटारहोमच्या ओलीत झालेली फसवणूक

मोटारहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दुरुस्तीच्या बिलावर चार ओळी होत्या. ओल काढली. कुजलेलं लाकूड बदललं. आतून नवीन प्लाय लावला. बाहेरून सील केलं. रक्कम २,८५० पौंड. सव्वा वर्षाने त्याच कोपऱ्यात अंगठा टेकवला, तर तो नव्या प्लायसकट आत गेला. प्लाय उचकटला, मागे जुना प्लाय जागच्या जागी, काळा आणि गिळगिळीत. त्याच्यामागची रीप (सांगाड्याची लाकडी पट्टी) चिमटीत धरली, तर चहाच्या चोथ्यासारखी सुटून हातात आली. चार ओळींपैकी प्लायची तेवढी खरी निघाली.

गाडी इंग्लंडातली, २००३ सालची, लुटनवाली. म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेली. वर्कशॉपचं नाव इथे लिहीत नाही, कारण ही करामत त्या एकट्याची नाही. विकायच्या आधी ओलीच्या भिंतीवर डिस्टेंपर मारलेला फ्लॅट आपल्या लोकांना लांबून ओळखता येतो. इथे भिंतच निराळी असते, आणि तिथेच गफलत होते.

जुन्या पद्धतीच्या गाडीची भिंत अशी: बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये साध्या नरम लाकडाच्या रिपांचा सांगाडा, रिपांमधल्या चौकोनांत साधारण २५ मिमी थर्माकोल, आणि आत ३ मिमी प्लाय, त्यावर छापील कागद किंवा व्हिनाइल. पत्रे जिथे जुळतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची रेल स्क्रूने बसवलेली असते आणि तिच्याखाली मस्तिकचा, म्हणजे सांधा बुजवायच्या चिकट लेपाचा, थर. हा थर दहा-पंधरा वर्षांत वाळून भेगाळतो. मग पाणी स्क्रूच्या भोकातून थेट रिपेत जातं. व्हिनाइल ते आतल्या बाजूला येऊ देत नाही, त्यामुळे डाग दिसतो तोवर मागचं लाकूड बऱ्याचदा गेलेलं असतं. लुटनचा पुढचा सांधा, खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या झडपेची चौकट, मागचे दिवे, या नेहमीच्या जागा.

आता फसवलं कसं ते. गाडी परत देताना मालकासमोर मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजणारा, सुयांचा) टोचून दाखवला. आकडा ११ टक्के. या धंद्यात १५ पर्यंत ठीक धरतात, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, त्याच्यावर गेला की शोध घ्या, आणि ३० च्या पुढे लाकूड कुजलंय असं समजून उघडा. ११ आकडा खोटा नव्हता. मीटरच्या सुया जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, आणि तिथे आठवडाभरापूर्वी दुकानातून आणलेला कोरडा प्लाय होता. त्याच्यामागे गोंदाचा सलग थर. आतली ओल तो थर ओलांडून यायला कित्येक महिने लागतात. जुन्यावर नवा प्लाय चिकटवण्यात कष्ट वाचतातच, वर मीटरही आपोआप खूश राहतो.

हे त्याच दिवशी पकडता आलं असतं. खिडकीच्या कडेची प्लास्टिकची पट्टी काढून भिंतीची जाडी मोजायची. खिडकीच्या चौकटीपाशी प्लाय ३ ऐवजी ६ मिमी भरला, तर एकावर एक चढवलाय. कपाटाच्या आत, जिथे कुणी नवा प्लाय लावायची तसदी घेत नाही, तिथेही सुया टोचून बघायच्या. आणि बोटाच्या पेराने ठोकायचं: धड रिपेवर आवाज भरीव येतो, कुजक्या रिपेवर पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा.

दुसरी खूण कॅलेंडरवरच होती. गाडी सोमवारी दिली, गुरुवारी परत मिळाली. भिजलेला सांगाडा तीन दिवसांत वाळत नाही. प्लाय आणि थर्माकोल काढून, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावून दोन-तीन आठवडे तरी जातात; थंडीत त्याहून जास्त. (कॉम्प्रेसरवाला डिह्युमिडिफायर थंड शेडमध्ये फारसं पाणी ओढत नाही. तिथे डेसिकंट जातीचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, लागतो. वर्कशॉपात कुठला आहे एवढं विचारलं तरी समोरच्याची इयत्ता कळते.)

तिसरी खूण बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी. रेल काढलीच नव्हती. तिच्या दोन्ही कडांवरून पांढऱ्या सिलिकोनची जाड लड फिरवली होती. याने गळती थांबत नाही, उलट आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. शिवाय पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला तर नंतर लावलेलं कुठलंही सीलंट नीट धरत नाही. खरं काम करायच्या वेळी ते खरवडण्यातच अर्धा दिवस गेला.

कामाचा क्रम बाहेरून आत असतो. आधी रेलमधली प्लास्टिकची पट्टी ओढून काढायची, स्क्रू काढायचे (गंजलेले तुटतात, त्याची तयारी ठेवायची), रेल उतरवायची, आणि उघडा सांधा तात्पुरता झाकायचा. मग आतला प्लाय काढायचा. लाकूड १५-१६ टक्क्यांच्या खाली आलं की कुजकी रीप कापायची, पण मऊ भाग संपतो तिथे नव्हे, तर त्याच्या पुढे १५० ते २०० मिमी धड लाकडात जाऊन. नवी रीप अर्ध्या जाडीचा खाचेचा सांधा करून पॉलियुरेथेन गोंदाने जोडायची. घरगुती पांढरा गोंद इथे कामाचा नाही, ओलीत सुटतो. बुरशीनाशक लावलं असेल तर ते पूर्ण वाळल्यावरच गोंद.

पत्रा याच वेळी बघून घ्यायचा. ओल्या लाकडाला टेकून ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि टाचणीएवढी भोकं पडतात. रात्री एकाने बाहेरून बॅटरी मारायची, दुसऱ्याने आत अंधारात बसायचं. या गाडीत हाताएवढ्या जागेत सात ठिपके चमकले. ती भोकं बुजवल्याशिवाय सगळी सुतारकी पाण्यात.

थर्माकोलच्या बाबतीत दोन चुका हमखास होतात. एक, उग्र वासाचा काँटॅक्ट ॲडहेसिव्ह वापरणं. त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. दुसरी, फट भरायला फुगणारा फोम मारणं. तो फुगताना पातळ पत्रा बाहेर ढकलतो आणि गाडीच्या अंगावर कायमचं टेंगूळ राहतं. विजेची वायर थर्माकोलला थेट चिकटून जाऊ द्यायची नाही, वायरचं पीव्हीसी त्याने कडक होऊन तडकतं.

यानंतर रेल ब्यूटिलच्या (चिकट रबराच्या) पट्टीवर किंवा न वाळणाऱ्या मस्तिकवर, नव्या स्टेनलेस स्क्रूंनी. स्क्रूला पकड द्यायला मागे नवं लाकूड हवं, म्हणूनच लाकूड आधी. मग साध्या नळीने पाणी, खालून वर सरकत, प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटं. प्रेशर वॉशर अजिबात नको. आत थेंब आला नाही तरच शेवटी ३ मिमी प्लाय, रिपांवर सीलंट-गोंद घालून, टेकू देऊन चोवीस तास. आतली भिंत सगळ्यात शेवटी येते. जो कारागीर पहिल्याच दिवशी व्हिनाइलचे नमुने दाखवायला लागतो, त्याला रेल कधी उतरवणार ते विचारा.

पैसे देण्याची पद्धतही चुकली होती. रोख दिल्यास १० टक्के सूट, असं सांगितलं गेलं आणि ते गोड वाटलं. ब्रिटनमध्ये १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या कामाचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असता, तरी १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा करता आला असता. रोखीने तो दरवाजा बंद झाला. उरला २०१५ चा कंझ्युमर राइट्स ॲक्ट: काम योग्य काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, नसेल तर फुकट पुन्हा करून द्या किंवा पैसे कमी करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या मार्गाने, वकिलाशिवाय चालतो. सगळं अडलं ते पुराव्यापाशी. "बदललं" या शब्दात कुठली रीप, किती लांबीची, काहीच नव्हतं, आणि भिंत उघडी असतानाचा एकही फोटो नव्हता. "ही ओल नंतरची आहे" असं वर्कशॉपने दोन वाक्यांत कळवलं. शेवटी नव्या प्लायला पाठीमागून चिकटून आलेला जुन्या प्लायचा काळा पापुद्रा कामी आला. तो तुकडा फोटोसह पाठवल्यावर १,२०० पौंड परत मिळाले, बाकीचे बुडाले.

दुसऱ्या ठिकाणी काम देताना कागदावर आधी लिहून घेतलं: रेल उतरवणार, कापलेल्या रिपांचे तुकडे मालकाला दाखवणार, भिंत बंद करण्यापूर्वी मोजपट्टी धरून फोटो, आणि मीटरचे आकडे गाडीच्या नकाशावर जागेनुसार. पाच आठवडे लागले. लुटनमध्ये आता सगळीकडे १२-१३ आहे. मागच्या उजव्या दिव्याजवळ अजून १९ दाखवतोय. तो दिवा काढून नवं गॅस्केट बसवलंय, दोन महिन्यांनी त्याच भोकात पुन्हा सुया घालायच्या.