पारोचा त्सेचू की थिंफूचा?

भूतानचं ठरलं की आपण आधी पॅकेज बघतो आणि मग त्यात एखादा उत्सव बसतोय का ते शोधतो. हा क्रम उलटा करा. त्सेचू म्हणजे दशमी. भूतानात बौद्ध धर्म नेणाऱ्या गुरू पद्मसंभवांचा हा उत्सव तिथीवर चालतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. आमच्या पहिल्या सहलीच्या पत्रकात 'पारो उत्सव' ठळक छापला होता. प्रत्यक्षात मधला एक दिवस मिळाला आणि मुख्य पहाटे आमची गाडी सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या घाटात होती!

ती पहाट म्हणजे पारोच्या पाचव्या दिवसाची. मार्च-एप्रिलमधल्या पौर्णिमेला, अंधारातच, थोंगड्रेल उलगडतात: रेशमी कापडाचे तुकडे जोडून केलेलं, इमारतीची अख्खी भिंत झाकणारं गुरूंचं चित्र. नुसत्या दर्शनाने मुक्ती मिळते अशी श्रद्धा, म्हणून आजीबाईसुद्धा नवी कोरी किरा (तिथल्या बायकांचा पारंपरिक पेहराव) नेसून रांगेत. जवळ गेलं की चित्राच्या खालच्या काठाला कपाळ टेकायचं. थंडीने हात खिशातून निघत नाहीत, तुपाच्या दिव्यांचा वास येत असतो. ऊन पडायच्या आत चित्र गुंडाळून ठेवतात, म्हणजे सातचा गजर लावून झोपलात तर संपलं. दुसऱ्या खेपेला आम्ही याच दिवसासाठी गेलो. एकदाच जाणार असाल, तर माझं मत पारोला.

पण मार्च-एप्रिल म्हणजे आपल्या घरात परीक्षा. शाळकरी मुलं असतील तर थिंफू बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताशिछो झोंग या किल्लेवजा मठात तिथला त्सेचू तीन दिवस असतो. 2024 मध्ये तो ऐन गणपतीत आला, 2025 मध्ये थेट दसऱ्याला सुरू झाला. घरी गणपती बसत असेल तर पंचांग आधी उघडा. राजधानी असल्याने गर्दी दाट, पण हॉटेलं, दवाखाने हाताशी, त्यामुळे सोबत आई-बाबा असतील तरी हेच सोयीचं. सप्टेंबरात पाऊस पूर्ण गेलेला नसतो, घाटरस्त्यावर दरड पडली तर दिवस जातो. एक दिवस मोकळा ठेवा.

मुखवट्यांचे नाच दोन्हीकडे साधारण तेच. राक्षा मांगचम चुकवू नका. त्यात मेलेल्या माणसाच्या पापपुण्याचा हिशोब होतो, काळे-पांढरे खडे तराजूत पडतात. चित्रगुप्त माहीत असलेल्याला गाइडने काही समजावायची गरज नाही. मधूनमधून लाकडी लिंग हातात घेऊन अत्सारा, म्हणजे विदूषक, प्रेक्षकांची खोडी काढतात. आपल्या सोंगाड्याचाच हा चुलतभाऊ, आणि गंमत म्हणजे नाव आलंय 'आचार्य'वरून.

तिसरा पर्याय मध्य भूतानातल्या बुमथांगचा जांबे ल्हाखांग द्रुप, म्हणजे जांबे मंदिराचा उत्सव, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला. मध्यरात्रीचा नग्ननृत्याचा विधी तिथला. फोटो काढायला बंदी, आणि सासू-सासऱ्यांबरोबर बघायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा. थिंफूहून रस्त्याने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. पहिल्या फेरीत नकोच.

खर्चात पारो-थिंफूचा फरक फारसा नाही. भारतीयांना सध्या माणशी रात्रीला 1,200 रुपये सरकारी पर्यटन शुल्क, म्हणजे दोघांचे पाच रात्रींचे 12,000, हॉटेल-गाडी वेगळी. 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार दाखवून आत सोडत नाहीत. दोन्ही गावांत अंतर दीड तासाचं, तेव्हा उत्सव पारोत आणि मुक्काम थिंफूत असंही जमतं. फक्त थोंगड्रेलच्या आदल्या रात्री पारोतच झोपा. आणि ती खोली बाकी काहीही ठरवायच्या आधी धरा, कारण त्या रात्री अख्खं खोरं पारोत उतरलेलं असतं.