एक ग्रॅमच्या पाटल्या, ठुशी आणि सोनेरी नाणं : वापरून काय वाटलं

गेल्या गणपतीत बेळगावच्या गणपत गल्लीतून एक ग्रॅमच्या, म्हणजे तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या, चार पाटल्या आणि तसलीच एक ठुशी घेतली. पुढं दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी सोन्याचा मुलामा दिलेलं दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं घरात आलं. आता लग्नसराई सुरू आहे, तिन्ही वस्तूंचा कस लागलाय.

ठुशी उत्तम. लग्नं, बारशी, सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा, सगळीकडं घातली. अशा गर्दीत खरं सोनं गळ्यात असलं की निम्मं लक्ष तिकडंच. घाम पुसून, मऊ कापडात गुंडाळून ठेवते. मणी अजून पिवळेधमक आहेत, मागचा गोंडाच आधी मळला.

पाटल्या मात्र रोज हातात राहिल्या. दिवाळीच्या आतच कडा लालसर दिसू लागल्या. भांडी, साबण, पाटलीवर पाटली घासणं, एवढं पुरतं. सोनं कधी काळं पडत नाही. काळं पडतं ते झिजलेल्या थराखालचं तांबं-पितळ. हिशेब करून बघा : एका पाटलीचा आतबाहेरचा पृष्ठभाग साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर धरला आणि मुलामा एक मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), तर त्यावर सोनं जेमतेम 0.1 ग्रॅम बसतं. स्वस्त मालात थर याहून बराच पातळ. त्यामुळं शहापूरच्या सराफानं ‘याची मोड येत नाही’, म्हणजे परत विकायला आणलं तर पैसे मिळत नाहीत, असं म्हटलं, त्यात काही चुकीचं नाही. एवढंसं सोनं वेगळं काढत बसणं त्याला परवडत नाही. सोसायटीत तारण ठेवायला गेलात तरी कसोटीचा दगड हेच सांगणार.

नाण्याची गोष्ट वेगळी. त्यावर 999 कोरलंय, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा ते सोन्याचं समजतो. तो आकडा चांदीच्या शुद्धतेचा. वरचं सोनं एक मायक्रॉन धरलं तरी तीसेक मिलिग्रॅम. वजनावरूनही कळतं : याच मापाचं नाणं शुद्ध सोन्याचं असतं तर अठरा ग्रॅमच्या पुढं भरलं असतं. म्हणजे हातात उरते ती दहा ग्रॅम चांदी, आणि तिची मोड चांदीच्या भावानं येते. मुलाम्यापोटी वर दिलेले पैसे गेले ते गेलेच. नुसती देवासमोर ठेवायला वस्तू हवी असेल तर साधं चांदीचं नाणं घ्या, असं माझं स्पष्ट मत.

सोनं म्हणून कुणी काही विकत असेल तर हॉलमार्क बघायचा : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, 22 कॅरेटला 22के916, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. मुलाम्याच्या मालाला हे लागू नाही. तिथं पावतीच कामाची : आतला धातू कुठला, थर किती मायक्रॉनचा, पुन्हा पॉलिश करून देणार का आणि किती घेणार. माझ्या पावतीवर नुसतं ‘इमिटेशन’ लिहिलंय.

कानातल्यांबद्दल एक. पितळेवर सोन्याआधी बऱ्याचदा निकेलचा थर देतात आणि काहींना त्यानं खाज सुटते. आमच्या अक्कांचे कान त्यामुळंच लाल झाले होते. त्यांच्यासाठी आता चांदीवर मुलामा दिलेल्या कुड्या बघतेय. महाग पडल्या तरी निदान चांदीची मोड येईल. पाटल्या पुन्हा घेणार नाही. ठुशी मात्र जरूर घ्या.