कॅम्पस बोर्ड की हँगबोर्ड?

फोंड्याच्या आमच्या घरात पडवीत कातळ चढण्याच्या सरावाची ही दोन्ही साधनं आहेत. हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायला अरुंद कडा असलेली फळी, दाराच्या चौकटीवर; कॅम्पस बोर्ड भिंतीला. पाहुणे विचारतात, कपडे वाळत घालायला काय?

कॅम्पस बोर्ड म्हणजे अंगावर येणारी तिरकी फळी आणि तिच्यावर आडव्या लाकडी पट्ट्या. पाय हवेत ठेवून नुसत्या हातांनी एकेक पट्टी झेपावत वर जायचं. जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिखने १९८८ साली न्यूरेंबर्गच्या ‘कॅम्पस’ जिममध्ये तो बनवला, म्हणून हे नाव. पुढे १९९१ मध्ये त्याने ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ हा अतिशय अवघड कातळमार्ग चढला. कडेला हात लागताक्षणी बोटं घट्ट आवळण्याची ताकद या बोर्डावर जशी येते, तशी हँगबोर्डवर येत नाही.

हँगबोर्ड कंटाळवाणा, हे कबूल. २० मिलिमीटरच्या कडेवर १० सेकंद लटका, दोन-तीन मिनिटं थांबा, परत लटका. पण भार आपल्या हातात असतो; जड गेलं तर पाय स्टुलावर टेकवायचे. कॅम्पसवर झेप चुकली की सगळं वजन एका हाताच्या बोटांवर. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांना) फार वेळ लागतो. घाई केली आणि माझ्या अनामिकेच्या मुळाशी ‘टक्’ झालं. दोन महिने नारळ सोलणंही बंद!

म्हणून निदान दोन वर्षं नियमित चढाई झाल्याशिवाय कॅम्पस नकोच, वाढत्या वयाच्या मुलांना तर मुळीच नको. आणि जुलैत, पट्ट्या दमट नि हातांना लावायच्या चॉक पावडरीचा चिखल झालेला असताना, मीसुद्धा पंखा लावून मुकाट्याने हँगबोर्डलाच लटकतो.