लोकेशन शोधताय? आधी पाटोवरच्या ग्रंथालयात जा

गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांना जागा दाखवणं हा माझा धंदा. यादी नेहमी ठरलेली: फोंताइन्यासची रंगीत घरं, शापोराचा किल्ला, बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, असलेलं एखादं जुनं घर, आणि डिसेंबरात एकही माणूस नसलेला समुद्रकिनारा. गेल्या हंगामात एका वेब सिरीजचे लेखक-दिग्दर्शक आले. त्यांना म्हणे ‘असली गोवा’ हवा होता. फोंड्याची देवळं दाखवली, दिवचलच्या बाजूला नेलं, तर म्हणाले, ‘मॅडम, यात कथा कुठे आहे?’ मी गाडी वळवली आणि दोघांना थेट पाटोवर नेऊन सोडलं.

कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. पणजीच्या कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं, संस्कृती भवनाची इमारत विचारा. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत ‘पब्लिका लिव्रारिया’ म्हणून हे सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते मोडतं. पूर्वी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं, तिथल्या मानाने इथे ऐसपैस आहे. टेबलं बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी धरलेली असतात, तेव्हा सकाळी लवकर जा. गाडी न्यायचीच असेल तर पाटोच्या पार्किंगची आशा सोडून जा. गोव्याविषयीच्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे, आणि मराठी-कोकणी कादंबऱ्यांच्या कपाटांपाशी तर मी हरवते. ग्रंथालय म्हणून माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. पण हे लिहायला बसले ते आमच्या धंद्यातल्या माणसांसाठी: इथे पटकथेचा कच्चा माल पडून आहे, आणि तो उचलायला कोणी येत नाही.

सगळ्यांत आधी पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ काढा. 1977 ची कोकणी कादंबरी, देवनागरीतच आहे, मराठी वाचणाऱ्याला दहा पानांत सूर सापडतो. ती जमत नसेल तर 2002 साली आलेला इंग्रजी अनुवादही आहे. नायक वळवईचे, म्हणजे आमच्याच फोंडा तालुक्यातले, मांडवीच्या काठचे. कोळंब नावाचं शेतकऱ्यांचं गाव, शेजारी खाण सुरू होते, रोकड पैसा दिसतो आणि माणसं नांगर टाकून तिकडे वळतात. मग एक घर कसं आतून पोखरत जातं ते वाचा. शेवटपर्यंत कोणी खलनायक म्हणून बोट दाखवायला मिळत नाही. मला ही कादंबरी पडद्यावर हवी आहे, आणि आताच हवी आहे, कारण तिची जागा अजून शाबूत आहे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केली. आता कुठे कुठे पुन्हा सुरू झाल्यात. मधल्या काळात काय झालं ते सांखळी-दिवचलच्या रस्त्यांना फिरलात तर दिसेल. घरांच्या अंगणात टिपर ट्रक उभे, टायर बसलेले, बॉनेटवर वेली चढलेल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक ते! आर्ट डायरेक्टरला लाखो रुपये देऊन असं काही उभं करता येणार नाही. पाण्याने भरलेले खड्डे आहेत, डंप आहेत, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या लाल मातीचे डोंगर. एका डंपवर उभं राहिलं की एका बाजूला पोफळी आणि दुसऱ्या बाजूला चंद्रावरचं असावं तसं उजाड मैदान, एकाच फ्रेममध्ये.

कोकणी कादंबरीवर सिनेमा चालत नाही असं कोणी म्हटलं की मी ‘पलतडचो मुनीस’चं नाव घेते. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’वरून लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी केलेला. रानातला एकटा वनरक्षक आणि गावाने वेडी ठरवून टाकलेली बाई, एवढीच गोष्ट. 2009 साली टोरोंटोला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार घेऊन आला. बजेट बघाल तर आपल्याकडच्या एका गाण्याच्या शूटिंगइतकं असेल, हा माझा अंदाज.

सैलांचीच ‘तांडव’ मात्र खर्चाचं काम आहे. सोळाव्या शतकातलं गाव, धर्मांतराचा रेटा, इन्क्विझिशन म्हणजे चर्चची धर्मचौकशी, रातोरात देव घेऊन नदी ओलांडणारी माणसं. इथे मला भीतीही वाटते. हा विषय ज्याच्या हातात पडेल तो त्याचा झेंडा करणार, या नाहीतर त्या रंगाचा. कादंबरीत जो गेला तोही आपलाच आणि जो राहून बाटला तोही आपलाच, आणि तेच सांभाळणारा दिग्दर्शक हवा. जागा विचाराल तर सगळी सोय आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. जुवारी नदीच्या दोन्ही तीरांवर आज उभं राहून तो प्रवास डोळ्यांसमोर आणता येतो. फक्त पुलाकडे पाठ करून कॅमेरा लावायचा. जुन्या गावासाठी खाजन शेती दाखवा, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेती. बांधाला लाकडी झडपेचं मानस असतं: ओहोटीला झडप आपोआप उघडून पाणी बाहेर, भरतीला दाबाने बंद, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. रात्री कंदील घेऊन माणसं तिथे मासळी धरतात. गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, शेकडो वर्षं चालवलेली ही व्यवस्था एकाही मोठ्या सिनेमात धडपणे आलेली मला आठवत नाही.

दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’विषयी थोडक्यात सांगते, कारण ज्ञानपीठामुळे निदान नाव तरी लोकांच्या कानावर आहे. नवरा दारुडा, लेकीला मागे ठेवून बाई कुवेतला घरकामाला जाते. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार. आजही दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत अशा घरांची दारं ठोठावता येतील. आठ भागांची मालिका, एक चांगली नटी, बस्स. पण तिला मुंबईहून आणून ‘मेन क्या बोलता मॅन’ छापाची भाषा तोंडी घातलीत तर मी लोकेशन देणार नाही.

गोव्याच्या वेशीपलीकडचं एक नाव घ्यायलाच हवं: ‘तुंबाडचे खोत’. श्री. ना. पेंडशांचे दोन जाडजूड खंड, जगबुडीच्या काठावरच्या खोतांच्या चार पिढ्या. 2018 च्या हिंदी सिनेमाने त्यातलं फक्त गावाचं नाव घेतलं, गोष्ट वेगळीच. तेव्हा ‘त्यावर झालाय की सिनेमा’ म्हणणाऱ्याला खुशाल खंड हातात द्या. दोन तासांत ही कादंबरी मावणार नाही, तीन सीझन लागतील. आणि कृपा करून ती कोकणातच करा. वेंगुर्ल्याच्या खानोलकरांची ‘कोंडुरा’ श्याम बेनेगलांनी केली, उत्तम केली, पण हिंदी-तेलुगू करताना आंध्रात नेली. मला त्यात आपला समुद्र सारखा आठवत राहतो. आरवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा तो किनारा पणजीहून काही तासांच्या अंतरावर आहे, युनिटची राहण्याची सोय मी करते.

तर त्या सिरीजवाल्यांचं काय? लेखक ‘अच्छेव’चा इंग्रजी अनुवाद घेऊन बसला आणि उठायलाच तयार नव्हता. दिग्दर्शक फोनवर. सिरीज शेवटी किनाऱ्यावरच झाली, पण लेखकाचा मला अजून मेसेज येतो: हक्क कोणाकडे, खाणपट्ट्यात परवानगी कोण देतं.

सगळ्यांसाठीच उत्तर लिहून ठेवते. हक्कांचं लेखकाशी किंवा प्रकाशकाशी आधी बोला, पटकथा लिहून झाल्यावर नव्हे. शूटिंगचा अर्ज एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे. रानात शिरायचं असेल तर वनखात्याचा कागद वेगळा. खाणीची जमीन कोणाची हे तलाठ्याकडे बघून घ्या, गावच्या पंचायतीला आधी भेटा, नाहीतर पहिल्याच दिवशी जनरेटर बंद पडेल. आणि धूळ हवी असेल तर तारखा मार्च ते मेच्या धरा. जूनमध्ये तिथे ट्रॉलीची चाकं रुततात.