कर्नाळा पक्षी अभयारण्य : मुलांना पक्षी दाखवायचे तर किल्ला दुसऱ्या दिवशी

पनवेलहून पेणकडे निघालं की शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, मागे पडतं आणि जेमतेम १२ किलोमीटरवर मुंबई-गोवा हायवेच्या कडेलाच कर्नाळ्याचं गेट येतं. १९६८ साली जाहीर झालेलं हे जंगल आकाराने लहानच, सुमारे १२ चौरस किलोमीटर. पण घरच्यांना घेऊन अर्ध्या दिवसात बघून होईल असं पक्ष्यांचं रान मुंबईजवळ दुसरं सुचवता येत नाही.

बहुतेकांचं चुकतं ते एकाच गोष्टीत. सकाळी दहाला पोचायचं, सरळ जंगलातल्या कर्नाळा किल्ल्याची वाट धरायची आणि दमून उतरताना "पक्षी कुठे आहेत?" म्हणायचं. दाट झाडीतले पक्षी उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत बोलतात, फिरतात. ऊन चढलं की पानांत गप्प बसतात. चढ तास-दीड तासाचा, धापा टाकणाऱ्या घोळक्यापुढे काही थांबत नाही. वर अंगठ्यासारख्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर किंवा आरडाओरडा म्हणजे जिवाशी खेळ. लहान मुलं बरोबर असतील तर किल्ला वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

गेट उघडायच्या वेळेला हजर राहा आणि खालचे निसर्गमार्ग धरा, हरियाल किंवा मोरटाका. चालण्यापेक्षा थांबणं जास्त. एका जागी दहा मिनिटं उभं राहिलं की मिश्र थवा येतो: आधी भृंगराजाचा आवाज, मागोमाग नीलमणी, सुतार, निखार. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर यादीत नाव टाकू नका. शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकाला पिसांचे झुबके दिसले की ओळख पक्की. उडताना मागून दोन भुंगे पाठलाग करतायत असंच वाटतं.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पटीची मुलांच्या हातात हलते, आणि ४२ पेक्षा लहान भिंगाला या सावलीत उजेड पुरत नाही.

ऋतूप्रमाणे बघायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतात. त्या एका झाडाखाली बसलात तरी मैना, कोतवाल, हरबोला समोर येतात, शिवाय पानगळीमुळे नीट दिसतात. नवख्या कुटुंबाने हेच दिवस निवडावेत. पावसाळ्यात मात्र मान तिबोटी खंड्याचा. रायगडचा हा जिल्हापक्षी चिमणीएवढाच. जांभळट-केशरी अंग, लालभडक चोच. जूनमध्ये येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो आणि पाली, सरडुली, खेकडे आणून पिल्लांना भरवतो. तोंडात भक्ष्य धरून फांदीवर ताटकळत बसलेला दिसला, तर समजा तुम्ही बिळाच्या फार जवळ आहात. तुम्ही हटेपर्यंत तो आत जाणार नाही आणि पिल्लं उपाशी राहतील. लगेच मागे सरका. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं तर नकोच. प्रतिस्पर्धी आला समजून तो घरटं सोडून धावतो.

उणीव एकच मोठी: हायवेची घरघर आतपर्यंत येते. ओढ्याच्या अंगाने आत शिरलं की कमी होते. रविवारी गर्दीही फार, जमल्यास मधला वार गाठा. दाराशी पिंजऱ्यातले पक्षी दिसले तर तिथे वेळ घालवू नका, सकाळचे तास परत मिळत नाहीत.

खाण्याचा डबा स्टीलचा, झाकण घट्ट, आणि पिशवीच्या तळाशी. हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की माकडं येतातच. कपडे मातकट किंवा हिरवे, पूर्ण बाह्यांचे, कारण डास भरपूर. पावसात छत्रीऐवजी रेनकोट, आणि तोही न सळसळणारा. एसटीने येणाऱ्यांनी पनवेलहून पेण-अलिबागकडची साधी गाडी धरावी आणि चढतानाच कंडक्टरला कर्नाळ्याला थांबणार का ते विचारून घ्यावं, जलद गाड्या बऱ्याचदा पुढे निघून जातात.