कुस्ती नाही, नुसती बोलाचाली: तरी पाचपैकी साडेचार

डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन या कुस्तीच्या साप्ताहिक कार्यक्रमाचा २८ ऑक्टोबर २०२२ चा भाग पाहणार असाल, तर ब्लडलाइनच्या, म्हणजे रोमन रेन्सच्या घरच्या टोळीच्या बोलाचालीपासून सुरू करा. एकही डाव पडत नाही, पण बघण्यासारखं सगळं इथंच आहे.

रोमन रेन्स कुटुंबप्रमुखाच्या थाटात उभा, शेजारी त्याच्या वतीनं बोलणारा पॉल हेमन. सॅमी झेन हा घराबाहेरचा माणूस, टोळीत शिरल्यापासून सगळ्यांची मर्जी राखतोय. रोमनचा भाऊबंद जे उसो याला मात्र तो डोळ्यांसमोर नको असतो. जे चिडलाय हे सांगताना सॅमी म्हणतो, त्याला आज ‘उसी’ (‘उस’ म्हणजे भाऊ, त्यावरून पाडलेला शब्द) वाटत नाहीये. झालं! जे तोंड लपवतो, रोमनलाही हसू आवरेना. खलनायकांची टोळी, आणि सगळे वर्गात मार खाणाऱ्या पोरांसारखे ओठ चावत उभे. त्या हसण्यामुळेच मला जेचा राग जास्त खरा वाटला. प्रमुखासमोर आवाज चढवणं या घरात परवडत नाही, आणि रोमनची नुसती नजर वळली तरी पोटात गोळा येतो.

संवाद जरा लांबतो, तेवढा अर्धा गुण कापला. मारामारीच हवी असेल तर सोडून द्या.

आवडलं तर पुढचं क्रमानं बघा: नोव्हेंबरच्या वॉरगेम्सनंतर (पिंजऱ्यातली संघांची लढत) जे सॅमीला मिठी मारतो, आणि २८ जानेवारी २०२३ च्या रॉयल रंबल या मोठ्या कार्यक्रमात सॅमी रोमनच्याच पाठीत खुर्ची घालतो. मधले भाग गाळलेत तर त्या खुर्चीची निम्मी मजा गेली म्हणून समजा.