टूथब्रशची स्वच्छता: द्रावणात बुडवावा, अतिनील पेटीत ठेवावा की पडवीत वाळवावा?

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनारपट्टीवर हवा इतकी दमट असते की पडवीतल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मग न्हाणीघरातल्या एकाच पेल्यात दाटीवाटीने उभे केलेले ब्रश सकाळपासून रात्रीपर्यंत ओलेच राहिले, तर नवल नाही. गेल्या श्रावणात माझ्या टोपण लावलेल्या ब्रशच्या केसांच्या बुडाशी काळपट बुरशी दिसली, तेव्हापासून मी हा प्रश्न मनावर घेतला. ब्रशवर दातकिडीला कारणीभूत असणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, कॅन्डिडा ही बुरशी आणि शौचालय जवळ असल्यास आतड्यांतले जीवाणूही सापडतात. निरोगी माणूस केवळ त्यामुळे आजारी पडतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

जंतू कमी करण्यात ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश मला सर्वांत भरवशाचा वाटतो. वाटीत ब्रशचे डोके बुडेल एवढेच द्रावण घ्यावे, दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश नळाखाली धुवावा आणि उरलेले द्रावण ओतून द्यावे. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच वाटीत बुडवले, तर एकाचे जंतू दुसऱ्याकडे जाण्याची वाट आपणच मोकळी करतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही चालते. पण ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली सुमारे ६ टक्क्यांची असते, म्हणून त्यात तेवढेच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणावे लागते.

अतिनील किरणांनी जंतू मारणारी पेटी वापरायला सोपी आहे. तथापि हे किरण सरळ रेषेत जात असल्यामुळे दाट केसांच्या सावलीत, म्हणजे नेमके बुरशी धरते त्या बुडाशी, ते नीट पोहोचत नाहीत. शिवाय ओला ब्रश बंद पेटीत ठेवला की ओल आतच कोंडते. उकळत्या पाण्याने नायलॉनचे केस वाकतात, आणि केसांचे झुबके बहुधा धातूच्या बारीक पट्टीने बसवलेले असल्यामुळे मायक्रोवेव्हचा विचारही करू नये.

निरोगी घरासाठी मी वाळवण्यालाच पहिली पसंती देईन. ब्रश वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने केस फाकवून धुवावा, जोरात झटकावा आणि पागोळ्यांचे शिंतोडे येणार नाहीत अशा हवेशीर जागी, दुसऱ्या ब्रशला न टेकता, उभा ठेवावा. पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरले, तर प्रत्येकाला वाळायला पुरेसा अवधी मिळतो. ब्रश तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फिसकटले तर त्याआधीच बदलावा. घरात केमोथेरपी घेणारे किंवा प्रत्यारोपण झालेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी क्लोरहेक्सिडिनचा रोजचा खटाटोप डॉक्टरांना विचारून अवश्य करावा.